खिडकी बंद करण्याबाबत

४ सप्टेंबर

मी खोलीत शिरले आणि त्यानं लॅपटॉप मिटला. टप्पकन!

'जेवलीस का?' म्हणे. जेवायची वेळ केव्हाच टळून गेली होती. काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

पालिकेकडून कालच सगळे अभिप्राय आलेत. म्हणजे कामाला खरी सुरुवात. तंत्रज्ञान धोरण आणि लोकशाही संशोधन फेलोशिप! दादा म्हणतो, एवढं नाव दारावर लिहायचं तर दार मोठं करून घ्यावं लागेल. खोली छोटीच. दोन टेबलं, एक कपाट, एक खिडकी, तीही उघडत नाही. एका टेबलाशी मी, दुसऱ्याशी इंजिनिअर. सगळे त्याला इंजिनिअरच म्हणतात. इथं यायच्या आधी तो पालिकांसाठी अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत होता. 'मन विटलं म्हणून सोडलं,' असं सांगतो. तसल्या पगारावर कुणाचं मन विटतं?

काम असं. पालिकेला वॉर्ड ऑफिसातल्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या आहेत. दाखले, कर, तक्रारी, सगळं अ‍ॅपवर. लोकांचं मत मागवलं पोर्टलवर, आणि अभिप्रायांचा हा डोंगर जमला. ते खरे आहेत की कुणी पेरलेत, हे आम्ही सांगायचं. मजकूर मी वाचायचा. कुठून आले, कोणत्या कनेक्शनवरून आले, हे त्यानं बघायचं. अ‍ॅप बनवणारी कंपनी त्याची जुनी नव्हे, दुसरी. पण हे लोक सगळे एकमेकांच्या ओळखीचेच!

आणि तो लॅपटॉप मिटतो.

६ सप्टेंबर

'सुविधा घरपोच मिळणे ही काळाची गरज आहे.' पुन्हा हेच वाक्य. पुन्हा. पुन्हा. वाचून वाचून डोळे चुरचुरले. अर्धं शहर एकाच सुरात कसं शिंकेल? यंत्राकडून लिहून घेतलंय. पैज!

७ सप्टेंबर

दादाला आज विचारलं, खिडक्या गेल्या तर तुझं काय? तो त्याच वॉर्ड ऑफिसात खिडकीवर बसतो. (बाईंना हे मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. आमच्या केंद्राच्या संचालक. सगळेच त्यांना बाई म्हणतात. 'सांगितलंस ते बरं केलंस, फक्त घरी कामाचं बोलू नकोस,' म्हणाल्या.)

दादा हसला. 'माझं काय? मला अ‍ॅपमध्ये घालतील. डॉक्टरीणबाई, तुम्ही बटण दाबा, मी आतून उत्तर देतो.' मी अजून डॉक्टर झालेली नाही, पण हा दोन वर्षांपासून म्हणतोय.

वहिनी हसली नाही. पोळी तव्यावर जरा जास्तच राहिली. मग म्हणाली, 'ह्यांच्या बरोबरीच्या तिघांना मागे गोदामात पाठवलं, शहराबाहेर. पुढं काय झालं त्यांचं?'

दादानं ताट पुढं ओढलं आणि आज खिडकीवर आलेल्या एका म्हाताऱ्या बाईची गोष्ट सांगायला लागला. हे रोजचंच. जेवताना खिडकीवरची माणसं आमच्या घरात येऊन जातात. मी फोनमध्ये तोंड घालून अर्धंमुर्धं ऐकते.

११ सप्टेंबर

आज सापडलं! डोंगराखाली माणसं आहेत!

विरोधातले अभिप्राय थोडेच आहेत, पण एकही दुसऱ्यासारखा नाही. एक सुताराचा आहे, तो उतरवून ठेवते:

'रंधा मारून मारून बोटांच्या रेषा गेल्या. यंत्रावर बोट ठेवलं की यंत्र म्हणतं, ही व्यक्ती सापडत नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, अहो सापडली की, ही काय समोर उभी आहे. असं यंत्र म्हणेल का?'

एका बाईचा. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात नाव चुकलं होतं. 'मी रडत होते, तर खिडकीतून आधी पाण्याचा ग्लास आला, मग अर्ज.' आणि एक फक्त एका ओळीचा: 'खिडकीपलीकडे माणूस असला की निदान भांडता तरी येतं.'

काय वाक्य आहे! यावर अख्खा प्रबंध उभा राहील. चार पुस्तकांत जे सापडलं नाही ते एका माणसानं रांगेत उभं राहून सांगितलं. बसमध्ये डोळे भरून आले. शेजारच्या बाईनं रुमाल पुढं केला, मला सर्दी झालीय असं वाटलं असावं.

इंजिनिअरला मुद्दाम सांगितलं नाही. का सांगू?

१४ सप्टेंबर

आज त्याच्याबरोबर बाजारात जावं लागलं. एकसारखी वाक्यं लिहिणारी माणसं खरंच आहेत का, ते बघायला. यादीतली नावं आणि गल्ल्या घेऊन निघालो. मला खात्री होती, एकही सापडणार नाही.

सगळी सापडली!

चष्मेवाला, शिवणकाम करणारी, कुरिअरवाला, दोन कॉलेजच्या मुली. सगळ्यांनी तेच सांगितलं. बाजाराच्या दाराशी कंपनीनं एक यंत्र उभं केलं होतं. पडद्यावर वाक्य तयार. खाली हिरवं बटण, 'मान्य'. नाव-गल्ली टाकून बटण दाबलं की आठवडाभर बस फुकट.

'वाक्य वाचलंत का?' मी शिवणकामवालीला विचारलं.

'मागं एवढी रांग, वाचत कोण बसतं? फुकट बसला कोण नको म्हणतं, तुम्ही म्हणाल का?'

नसतं म्हटलं. म्हणजे माणसं खरी, मतं मात्र डब्यातून काढलेली. मी चिडले होते, पण इंजिनिअर शांतपणे टिपून घेत होता. हा आतून खूश झाला असणार. 'यंत्रानं लिहिलेत' असं आता म्हणता येत नाही ना!

परतताना एकदम म्हणाला, 'तुमच्या घरी कोण कोण असतं?'

'का?'

'सहज.'

सहज! चार महिन्यांत यानं मला चहा कसा आवडतो तेसुद्धा विचारलं नव्हतं. 'भाऊ आणि वहिनी,' म्हटलं. 'आणि घरून काम करतेस तेव्हा तिघं एकच वायफाय वापरता?' मी म्हटलं, नाही, प्रत्येकाला वेगळी विहीर आहे.

माझ्या फाइली बघायच्यात याला. आजच पासवर्ड बदलला.

१५ सप्टेंबर

बाईंच्या खोलीचं दार बंद. आत इंजिनिअर. मी टकटक केली, आणि दोघं पंख्याविषयी बोलायला लागले. बाईंच्या खोलीत पंखा नाही, एसी आहे!

१९ सप्टेंबर

आज भांडण झालं. चांगलं कचकचून.

विरोधातले अभिप्राय अहवालाच्या सुरुवातीलाच घ्यायचे ठरवलं होतं मी. सुतार, ती बाई, भांडता येतं ते वाक्य. मसुदा त्याला दाखवावाच लागला. त्यानं तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, 'हे घेऊ नकोस.'

'का?'

'मला वाटतं हे एकाच माणसानं लिहिलेत.'

'कशावरून?'

'वाटतं.'

'वाटतं? तुझ्याकडे कनेक्शनची नोंद आहे ना? दाखव.'

'ती नोंद अजून पूर्ण नाही,' म्हणाला. माझ्याकडे न बघता. हा माणूस खोटं बोलताना कान लाल करतो, हे मला आजच कळलं.

मग माझा तोल गेला. म्हटलं, 'तुझं मन विटलं वगैरे काही नाही. तुला तिकडून पाठवलंय. ज्यांनी बटणं दाबली ते खरे आणि ज्यांनी मन ओतलं ते खोटे! कंपनीला असाच अहवाल हवाय ना?'

तो लॅपटॉप उचलून निघून गेला.

सरळ बाईंकडे गेले. त्याला या कामातून काढा म्हटलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, टेबलावरची पिन उचलून डबीत टाकली आणि म्हणाल्या, 'तू बटणवाल्यांकडे गेलीस. मग सुताराकडेही जा. दोघांना एकच माप लाव.'

एवढंच. म्हणजे बाईही त्याच्याच बाजूनं? जाते. जाऊन त्या सुतारालाच समोर आणून उभा करते.

२३ सप्टेंबर

सुतार सापडला. नाव खरं, गल्ली खरी, बोटंही खरी. तळहात पुढं केला, रेषा नाहीतच. माझा जीव भांड्यात पडला.

मी फोनवरचा अभिप्राय वाचून दाखवला. त्यानं रंधा बाजूला ठेवला.

'हे कुणी लिहिलं?'

'तुमचंच नाव आहे खाली.'

'नाव माझंय. बोटंही माझी. पण मी हे कुठंच दिलेलं नाही.' मग आवाज चढला. 'माझ्या बोटांचं गाऱ्हाणं गावभर कशाला? उद्या गिऱ्हाईक म्हणेल, याला धड पकडता येत नाही!'

मी माफी मागितली. निघताना विचारलं, हे तुम्ही कुणाजवळ बोलला होतात का?

'एकाच ठिकाणी. वॉर्ड ऑफिसात. खिडकीवरच्या माणसाजवळ.'

घरी चालत आले. बस सोडून दिली.

त्या वॉर्ड ऑफिसातला खिडकीवरचा माणूस म्हणजे आमचा दादा.

२४ सप्टेंबर

दादाकडे चोरासारखी बघत बसले. फोन हातात घेतला की बघायची काय करतोय. क्रिकेट बघत होता. या माणसाला साधा निरोप टाइप करायचा तर एक बोट वर धरून अक्षर शोधतो. यानं एवढं सगळं लिहिलं? की ऑफिसातल्या कुणी लिहून दिलं?

'काय डॉक्टरीणबाई, माझ्यावरच संशोधन चाललंय की काय?'

हसले.

२५ सप्टेंबर

दादा कामावर गेल्यावर वहिनी गॅसच्या सिलिंडरसाठी फोन लावत बसली होती. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. शेवटी फोन ओट्यावर आपटला. 'मेला! पलीकडे माणूस असता तर भांडता तरी आलं असतं!'

मी दारात उभी होते.

मग विचारूनच टाकलं. 'वहिनी, सुताराच्या बोटांचं तू लिहिलंस?'

मला वाटलं दचकेल, रडेल, नाही म्हणेल. तिनं मटाराच्या शेंगा पुढं ओढल्या, सोलायला लागली. म्हणाली, 'चांगलं झालंय ना?'

चांगलं झालंय ना!

'पोर्टलवर नाव आणि गल्ली टाकली की झालं,' म्हणाली. 'नंबरसुद्धा विचारत नाहीत. आधी एकच लिहिणार होते. मग एकेक आठवत गेलं.'

'अगं पण हे खोटं आहे.'

'खोटं काय आहे त्यात? माणसं खरी, घडलेलं खरं. हे रोज जेवताना सांगतात. मी ऐकते. तू फोनमध्ये असतेस.'

'त्या माणसांना विचारलंस?'

'काय विचारायचं? त्यांच्या बाजूनंच लिहिलंय.'

'तो सुतार चिडला माझ्यावर.'

तिचा हात थांबला. हे तिला नवीन होतं. म्हणाली, 'का चिडला?' मी सांगितलं. 'असं नव्हतं मला...' म्हणाली आणि वाक्य सोडून दिलं.

मग हळूच, 'दादाला माहीत नाही हं. त्यांना काही माहीत नाही.' आणि मग, 'अहवालात घालशील?'

'घालावं लागेल.'

'खिडकी जाईल मग.'

'जाईल कदाचित.'

'आणि त्यांना कुठंतरी लांब गोदामात टाकतील.' दाणे वाटीत पडत होते. 'तू शिकलीस ते बरं झालं,' म्हणाली. टोमणा होता की मनापासून, मला अजून कळलेलं नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी हिनंच माहेरी शब्द टाकला होता.

२६ सप्टेंबर

गेले नाही. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नाही.

२८ सप्टेंबर

बाईंना सगळं सांगितलं. सुतार, वहिनी, मटार, सगळं. काय होईल ते होवो म्हणून एका दमात. माझ्या वहिनीनं लिहिलेत, मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे, अहवालात दोन्ही बाजूंचं लिहीन, नाहीतर मला यातून काढा.

बाई उठल्या आणि दार उघडून त्यांनी इंजिनिअरला हाक मारली. तो आला. लॅपटॉप उघडला, या वेळी माझ्यासमोर. एका रकान्यात एकच आकडा, खाली खाली खाली. 'हे सगळे विरोधातले,' म्हणाला. 'एकाच कनेक्शनवरून. आणि हा आकडा मी आधी पाहिला होता. तू घरून काम करतेस तेव्हा आपल्या सर्व्हरवर हाच दिसतो.'

पहिल्याच दिवशी दिसलं होतं त्याला. म्हणून लॅपटॉप मिटला. म्हणून वायफाय.

'तुला वाटलं, मीच लिहिलेत?'

'हो.' कान लाल नव्हते. 'भाऊ तिथं कामाला, आणि तू त्या अभिप्रायांसाठी जीव टाकत होतीस. दुसरं काय वाटणार?'

बाई म्हणाल्या, 'मी त्याला म्हटलं थांब. ती येऊन सांगते का बघू.'

'आणि नसते आले तर?'

'तर फेलोशिप गेली असती,' बाई म्हणाल्या. सरळ. आवाज न चढवता.

मला आधी राग आला, मग लाज वाटली, मग हसूच फुटलं. मी त्याच्यावर पाळत ठेवून, तो माझ्यावर, बाई दोघांवर, आणि बाहेर पाटी लोकशाहीच्या अभ्यासाची! इंजिनिअरही हसला. पहिल्यांदा. खालच्या कँटीनमध्ये मी त्याची माफी मागितली, चहा पाजला. चहात साखर टाकत म्हणाला, 'मन खरंच विटलं होतं गं. तसलं हिरवं बटण मीही एकदा बनवलंय.'

३ ऑक्टोबर

अहवाल दिला. दोघांच्या सह्या. बाजूनं आलेली मतं माणसांची, पण शब्द त्यांचे नव्हेत. विरोधातली मतंही तशीच, माणसं खरी, पण कुणीच त्यांना विचारलेलं नाही. एका घरातून एकीनं लिहिलेत असं लिहिलं, नाव नाही. ते घर माझं आहे, हेही लिहिलं. ते माझ्याच हातानं टाइप केलं. इंजिनिअर म्हणाला होता, मी करू का? नको म्हटलं.

संध्याकाळी वहिनीनं स्वतःच दादाला सांगितलं. मी शेजारी होते. तो बेसिनशी हात धूत होता, धूतच राहिला. नळ बंद करून म्हणाला, 'सुताराचंसुद्धा लिहिलंस?' एवढंच. जेवला नाही. चपला घालून बाहेर गेला.

वहिनी म्हणाली, 'मोडले गं ते. खिडकी गेली म्हणून.'

मीच घालवली.

९ ऑक्टोबर

पालिकेच्या समितीनं पोर्टलवरचे सगळे अभिप्राय रद्द केले. दोन्ही बाजूंचे. आता सभागृहात उघडी सुनावणी. ज्याला बोलायचंय त्यानं यायचं आणि आपल्या तोंडानं बोलायचं.

कंपनीचा माणूस पेपरात म्हणतो, ही पिछेहाट आहे. वहिनीला मात्र हायसं वाटलंय. 'निदान ते बोलतील तरी,' म्हणते. दादाचा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. दादा काहीच बोलत नाही. मला डॉक्टरीणबाई म्हणणंही थांबलंय.

१७ ऑक्टोबर

सुनावणी झाली. दादाचं नाव पुकारलं तेव्हा वहिनीनं माझा हात घट्ट धरला. त्यानं माईक जवळ घेतला आणि म्हणाला, 'मी सतरा वर्षं त्या खिडकीत बसतोय. नियम वर कुणीतरी करतं, लोकांना 'नाही' म्हणायला मला बसवलंय. खिडकी राहू दे की जाऊ दे, माझं म्हणणं एवढंच, मला तिथून उठवा. कुठंही टाका. गोदामात टाका.'

बाहेर पायऱ्यांवर वहिनी म्हणाली, 'अहो, मला का नाही सांगितलंत?'

दादा म्हणाला, 'मला विचारलं कुणी?'